कोतोराचे बावीस चिमटे

कोतोरा थंड असली की नव्या सुनेसारखी वागते आणि तापली की सासूसारखी, असं एल्पिदिओ मेकॅनिक म्हणायचा; पण बासिलिसाच्या पाठीमागे. तिच्यासमोर असं बोलायची तिवोली आळीच्या चढावर कुणाची छाती नव्हती.

कोतोरा म्हणजे पोपटीण. पोपटी रंगाची, बावन्न सालची अमेरिकन मोटार, बॉनेट एवढं रुंद की त्यावर दोघं जण आडवे झोपतील. गाडी मूळची बासिलिसाच्या नवऱ्याची, एवारिस्तोची. तो गेल्यावर ती बासिलिसाची झाली आणि चालवायला तेवढी मुलाकडे, रिगोबेर्तोकडे आली. रिगो तिच्यात सात-आठ उतारू कोंबून तिवोलीपासून प्लासा दे मार्तेच्या चौकापर्यंत दिवसभर फेऱ्या मारायचा. सकाळी किल्ली फिरवली की कोतोरा पहिल्या खेपेला सुरू. चालत राहिली तर दिवसभर तक्रार नाही. पण तापलेली गाडी एकदा बंद केली, की पुन्हा सुरू होईल याची खात्री गेले तीन महिने कुणीच देत नव्हतं. स्टार्टर जोरात फिरायचा, अख्खी गाडी गदगदायची, पण इंजिन पेटायचं म्हणून नाही. मग अर्धा-पाऊण तास सावलीत उभी केली, की पुन्हा अशी सुरू व्हायची, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

आणि गुरुवारी ती नेमकी मिग्दालियाच्या दारात रुसली.

मिग्दालिया म्हणजे होणारी विहीण. बासिलिसाच्या नातीचं, याइलिनचं, शनिवारी मिग्दालियाच्या मुलाशी लग्न होतं. डुक्कर कुणी भाजायचं आणि केक कुणाच्या घरी ठेवायचा, एवढं ठरवायला बासिलिसा सुएन्यो भागात तिच्या घरी गेली होती. ठरवणं दहा मिनिटांत झालं, उरलेला तासभर दोघी एकमेकींना जोखत कॉफी पीत बसल्या. मिग्दालिया पंख्यांच्या आणि पाण्याच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळून द्यायची. जळालेली मोटार तिच्याकडे गेली की फिरती होऊन यायची, म्हणून अर्धं सांतियागो शहर तिला ओळखायचं. बासिलिसाला ते जरा जडच जात होतं. बाईच्या जातीनं बोटं काळी करून घ्यावीत आणि वर लोकांनी तिला मान द्यावा, हे तिच्या हिशोबात बसत नव्हतं. म्हणून निघताना उंबऱ्यावर उभं राहून तिनं मुद्दाम चारचौघांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आमच्या घरातली मुलगी सरकारच्या लग्नाच्या महालात जाते ती कोतोरातून आणि बाहेर पडते तीही कोतोरातूनच. मी गेले, माझी लेक गेली, सून आली. याइलिनही तशीच जाणार.

मग ती दिमाखात गाडीत बसली. रिगो तासभर बाहेर गल्लीतल्या पोरांबरोबर गाडीच्या रेडिओवर बेसबॉल ऐकत बसला होता. त्यानं किल्ली फिरवली. गर्र, गर्र, गर्र. गल्ली गोळा झाली. ढकलून सुरू करावी तर सुएन्योत उतार औषधालाही नाही. मिग्दालिया कॉफीचा कप हातात घेऊन दारात आली आणि अगदी साखरेत घोळवून म्हणाली, "विहीणबाई, शनिवारी मागं एक घोडागाडी उभी करू का? माझ्या भाच्याची आहे. फुलंबिलं लावून ठेवू. लागली तर लागली."

"घोड्याला सांगा," बासिलिसा काचेतून म्हणाली, "शनिवारी त्याला सुट्टी."

आत चला, पंख्याखाली बसा, असा आग्रह झाला. ती उतरली नाही. इंजिन निवेपर्यंत चाळीस मिनिटं ती त्या भट्टीत ताठ बसून राहिली, पाठ टेकली नाही, कपाळावरचा घामसुद्धा पुसला नाही. घाम पुसला असता तर विहिणीला दिसला असता.

आता हे तापल्यावर रुसण्याचं दुखणं सांतियागोत कुणाला नवं नाही. गाडीजवळ उभा असलेला कुणीही उठतो आणि सांगतो, की पेट्रोल उकळतंय. इंजिनाच्या उष्णतेनं पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही, म्हणून गाडी सुरू होत नाही. त्यावर इलाजही सगळ्यांना पाठ. दोरीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घ्यायचे आणि पेट्रोलच्या पाइपाला ओळीनं लावायचे. लाकूड उष्णता खातं, पेट्रोल थंड राहतं. खरं किती आणि श्रद्धा किती, ते कुणी तपासत नाही. बॉनेट उघडलं की चिमटे दिसलेच पाहिजेत. एवारिस्तोनं कोतोराला सहा लावले होते आणि त्याच्या हयातीत ती कधी कुणापुढे अशी बसली नव्हती. त्यामुळे दुखणं सुरू झालं तेव्हा बासिलिसानं निदान केलं: चिमटे कमी पडतायत. सहाचे दहा झाले, दहाचे सोळा, सोळाचे बावीस. पाइप दिसेनासा झाला. शेजारणींच्या चादरी चिमट्यांवाचून उडून खालच्या आळीच्या छपरांवर जाऊ लागल्या. गाडी काही ऐकेना, पण निदान बदललं नाही. एकदा बोलून गेलेला शब्द मागे घ्यायची बासिलिसाला सवय नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी घरासमोर पुरुषमंडळींची सभा भरली. एल्पिदिओनं कार्बोरेटर खोलला. रिगोनं पंपाला ओलं फडकं गुंडाळलं. एका शेजाऱ्यानं प्लग घासले, दुसऱ्यानं बॅटरीच्या तारा आवळल्या, तिसरा टाकीचं झाकण सैल करून आला. मग रिगोनं किल्ली फिरवली आणि कोतोरा लगेच गुरगुरायला लागली. एकच जल्लोष झाला. रम निघाली, पहिला घोट जमिनीवर संतांना आणि मग श्रेयावरून वाद. ज्यानं जे केलं होतं, त्यानंच गाडी बरी झाली होती.

बासिलिसा पायरीवर बसून राजमा निवडत होती. ती चौथ्या इयत्तेपर्यंत शिकलेली, पण पाच पोरांची आजारपणं काढलेली बाई. ती म्हणाली, "पाच औषधं एका वाटीत कालवून पाजलीत आणि रोगी उठून बसला. आता उद्या पुन्हा झोपला तर यातलं कुठलं देणार आहात?"

एल्पिदिओ म्हणाला, "पाचही देऊ की." सगळे हसले, ती सोडून.

"शनिवारी महालात तासभर गाडी उभी राहणार," ती म्हणाली. "बारा वाजताच्या उन्हात. माझी नात पायऱ्या उतरेल, विहीण बघत असेल, आणि कोपऱ्यावर तिचा घोडा उभा असेल. तेव्हा मला मलमपट्ट्या नकोत. काय दुखतंय ते कळलं पाहिजे."

रिगोनं सुचवलं, की लग्न लागेपर्यंत इंजिन बंदच करायचं नाही. यावर तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढं पेट्रोल ज्या रांगेत मिळालं होतं, त्या रांगेत तीच उभी होती.

शुक्रवारी सकाळी तिनं खुर्ची काढून फुटपाथवर टाकली. ओलं फडकं काढायला लावलं, टाकीचं झाकण घट्ट केलं, चिमटे तेवढे राहू दिले. रिगोला सांगितलं, सान हुआनच्या टेकडीपर्यंत जाऊन ये, गाडी चांगली तापव आणि इथं आणून बंद कर. तो आला. तिनं किल्ली काढून स्वतःच्या मुठीत धरली, पंधरा मिनिटं होऊ दिली आणि मग दिली. कोतोरा सुरू. पुन्हा पाठवला, पुन्हा सुरू. तिसऱ्यांदाही सुरू. ऊन तर असं, की बॉनेटवर अंडं तळलं गेलं असतं.

बासिलिसाच्या मनात चिमट्यांचा विजय झाला. तिनं लगोलग सुएन्योकडे जाणाऱ्या एका शेजारणीबरोबर विहिणीला निरोप धाडला, की घोड्याला चारा घाला आणि विसरून जा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारी दोन्ही घरच्या बायका केस सेट करायला एन्रामादास रस्त्यावरच्या एकाच दुकानात जमल्या होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी सांतियागोत दुसरं कुठं जाणार? डोक्यावर मोठाले रोलर, वरून जाळीचा रुमाल, आणि तशाच अवतारात घरी जायचं; उद्या सकाळपर्यंत ते काढायचे नाहीत. बासिलिसा आणि मिग्दालिया शेजारशेजारच्या खुर्च्यांत, डोकी सारखीच फुगलेली. बासिलिसानं सकाळची परीक्षा तिखटमीठ लावून सांगितली. मिग्दालिया शांतपणे ऐकत होती. बरं झालं, एवढंच म्हणाली. त्या "बरं झालं" मध्ये काय होतं, ते काढायला बासिलिसानं डोळे बारीक केले, पण काही सापडेना.

बाहेर पडल्या तेव्हा रिगो दुकानासमोर गाडीत पाय पसरून सामना ऐकत होता. बासिलिसानं मोठेपणानं मिग्दालियालाही घरी सोडते म्हणून आत बसवलं. याइलिन मागे बसली. रिगोनं किल्ली फिरवली.

गर्र, गर्र, गर्र.

एन्रामादासवर शुक्रवारी दुपारी जेवढी माणसं असतात तेवढी सगळी वळून बघू लागली. बासिलिसाच्या कानशिलांतून वाफ निघायची बाकी राहिली. मागच्या सीटवर याइलिन रडायला लागली. आवाज न करता, रोलर हलू न देता.

"आजी," ती म्हणाली, "मी घोडागाडीतून जाईन. खरंच. मला चालेल."

नातीला चालणार होतं ते आजीच्या अब्रूखातर, हे बासिलिसाला समजलं. ती खाली उतरली. रोलरसकट बॉनेटखाली वाकली. मिग्दालियाही उतरून दुसऱ्या बाजूला उभी राहिली, पण काही बोलली नाही. बोलली असती तर बासिलिसानं तिला परत बसवलं असतं.

चाळीस वर्षं बासिलिसानं रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक केला होता. स्टोव्ह पेटेना म्हणजे एक तर रॉकेल येत नाही, नाहीतर काडी पेटत नाही. तिसरं कारण तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती रिगोला म्हणाली, "पेट्रोल येतंय का ते मला डोळ्यांनी दाखव. तुझं मत नको सांगू."

रिगोनं कार्बोरेटरवरचं झाकण काढलं आणि बाजूचा दांडा दाबला. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली. पुन्हा दाबला, पुन्हा उडाली. वास तर असा, की दोन पावलं मागं सरावं लागलं.

बासिलिसा त्या पिचकारीकडे बघत राहिली. तीन महिने ती जे उकळतंय, अडतंय म्हणत होती, ते समोर नीट येत होतं. बावीस चिमटे पाइपावर ओळीनं बसले होते, तारेवरच्या चिमण्यांसारखे, आणि तिच्याकडे बघत होते.

"म्हणजे काडी," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे काडी," मिग्दालिया म्हणाली. मग तिनं विचारलं, "विहीणबाई, मी हात लावू का?"

एवढी परवानगी देणं बासिलिसाला पाचवं बाळंतपण गेलं त्याहून जड गेलं असेल. तिनं मान हलवली.

मिग्दालियानं पाइपावरचा एक चिमटा काढला. प्लगची एक तार उपसली, अंगाला झटका बसू नये म्हणून त्या लाकडी चिमट्यात धरली आणि टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ नेलं. रिगोला किल्ली फिरवायला सांगितलं. ठिणगी पडली खरी, पण कशी? बारीक, पिवळट, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी.

"ही निळी पाहिजे," मिग्दालिया म्हणाली. "आणि टकटक वाजली पाहिजे. हिनं इंजिन काय पेटतंय?" मग तिनं ठिणगी बनवणाऱ्या कॉइलकडे, इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या काळ्या वाटोळ्या डब्याकडे, हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बोट तोंडात घालून ती म्हणाली, "अगं बाई. यावर पोळी भाजेल. रिगो, हा डबा जुनाच का रे?"

रिगो म्हणाला, डबा बाबांच्या वेळचा. बॅटरी तेवढी नवी. डिसेंबरात जुना डायनॅमो गेला, तेव्हा त्यानं सहा व्होल्टचं सगळं काढून ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी बसवली. दिवे बदलले, हॉर्न बदलला. तेव्हापासून स्टार्टर बघा कसा वाघासारखा फिरतो.

"आणि हा?"

"हा चालत होता की. चालतंय त्याला कशाला हात लावायचा?"

मिग्दालियानं आकाशाकडे पाहिलं. अर्ध्या गावातल्या जळालेल्या मोटारी ज्या वाक्यामुळे तिच्या दारात येत, ते हेच वाक्य होतं. ती समजावून सांगू लागली, की हा डबा सहावर जगणारा, याच्या तोंडात तुम्ही बारा घालताय. आत तारच तार आहे, ती तापते. तापली की ठिणगी मरते, थंड झाली की पुन्हा जिवंत. चालत्या गाडीत वारा लागतो म्हणून कसाबसा तग धरतो.

"थांबा," बासिलिसा म्हणाली. तिला हे पटत होतं, म्हणूनच ती अडली. "आज सकाळी तीन वेळा तापवली, तीन वेळा बंद केली, तिन्ही वेळा सुरू झाली. तेव्हा काय डबा सासरी गेला होता?"

दोन्ही फुगलेली डोकी पुन्हा डब्यावर वाकली. गाडीच्या आतून सामन्याचा आरडाओरडा तेवढा येत होता. कुणीतरी दुसऱ्या बेसवर बाद झालं होतं.

बासिलिसाला लिहायला फारसं येत नव्हतं, म्हणून सगळं डोक्यात ठेवायची तिला सवय. कुठली शेजारीण कधी काय म्हणाली, हे ती वीस वर्षांनी तारखेसकट काढून दाखवायची. आता ती तीन महिन्यांचे रुसवे एकेक करून काढायला लागली. गुरुवारी विहिणीच्या दारात: रुसली. प्लासा दे मार्तेच्या थांब्यावर, उतारूंची वाट बघताना: रोज रुसते. दर रविवारी कबरस्तानात एवारिस्तोला फुलं वाहायला: तासभर उभी असते, भर उन्हात, आणि एकदाही रुसलेली नाही. आणि आज सकाळी.

"कबरस्तानात मी याला रेडिओ लावू देत नाही," ती सावकाश म्हणाली. "आणि सकाळी किल्ली माझ्या मुठीत होती."

मिग्दालियानं तिच्याकडे पाहिलं. "रेडिओ किल्लीवर चालतो?"

"किल्लीवरच," रिगो म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला.

मग मिग्दालिया हसायलाच लागली. रोलर धरून हसत होती. किल्ली उघडी ठेवली, की गाडी बंद असली तरी वीज डब्यातून वाहत राहते, एवढं ती हसता हसता कसंबसं सांगू शकली. रिगो थांब्यावर बसून संघ हरतोय की जिंकतोय ते ऐकत होता आणि बॉनेटखाली हा बिचारा डबा मंद आचेवर शिजत होता. जितका सामना लांबला, तितका रुसवा मोठा. बासिलिसानं मुलाकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं स्वतःहून रेडिओ बंद केला, किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी तिला आणून दिली. तो बेचाळीस वर्षांचा होता.

"तीन महिने," बासिलिसा म्हणाली, "मी भलत्याच नळीला चिमटे लावत होते."

हे तिनं मोठ्यानं म्हटलं. याइलिननं रडणं थांबवून मान बाहेर काढली. आजीच्या तोंडून असलं वाक्य तिनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"हे सुएन्योत कुणाला सांगितलंस तर बघ," बासिलिसानं पुढं जोडलं. तीन महिने तोलून-मापून वापरलेलं "तुम्ही" कुठं गेलं, ते दोघींनाही कळलं नाही.

"सांगणार," मिग्दालिया म्हणाली. "पण लग्न झाल्यावर. आता मला एक विजेची शेगडी हवी. कुणाची मोडायला मिळेल?"

नवा डबा सांतियागोत एका दिवसात मिळणं म्हणजे बर्फ विकत घ्यायला वाळवंटात जाणं. पण वीज अडवून अर्धी करायला शेगडीतल्या तारेचा तुकडा पुरतो, आणि शेगडी बासिलिसाच्या घरी होती. नुसती होती असं नाही, ती शेगडी लेकीनं पाठवलेली, आणि दिवसाची पहिली कॉफी तिच्यावरच व्हायची. डबा निवून कोतोरा घरी पोचल्यावर बासिलिसानं ती स्वतः उचलून अंगणात आणली आणि उलटी केली. मिग्दालियानं स्प्रिंगसारखी वळलेली तार बाहेर काढली, पर्समधल्या विजेच्या मीटरनं मोजली आणि बोटांत धरून दाखवली. जेमतेम वीतभर. उरलेली तार ताणून तिनं परत खाचांत बसवली आणि बजावलं, की आता ही आधीपेक्षा जास्त तापेल, कॉफीवरून नजर काढू नकोस.

"माझ्या कॉफीवरची नजर कधी हलली होती?" बासिलिसा म्हणाली.

कापलेली तार चिनी मातीच्या जुन्या फ्यूजवर गुंडाळून त्यांनी डब्याच्या वाटेवर जोडली, जिथं वारा लागेल अशा जागी. एल्पिदिओ येऊन मागे हात बांधून बघत राहिला. आपल्याला आधीपासून डब्याचाच संशय होता, असं त्यानं सांगून पाहिलं. दोन्ही बायकांनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो पाणी प्यायला गेला. ऊन उतरायच्या आत रिगोला पुन्हा टेकडीवर पाठवलं. आला, गाडी बंद केली. मिग्दालियानं डब्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दहापर्यंत मोजलं. मग पाइपावरचे सोळा चिमटे निघाले आणि शेजारणींना परत गेले. एवारिस्तोचे सहा बासिलिसानं राहू दिले. ते वाफेसाठी नव्हते.

शनिवारी याइलिन पोपटी गाडीच्या मागच्या सीटवर फुगलेल्या पांढऱ्या ढगासारखी बसून महालात गेली. रिगोनं पायऱ्यांसमोर इंजिन बंद केलं आणि न सांगता किल्ली आईच्या हातात दिली. आत नोटरीबाई कलमांमागून कलमं वाचत होती, वर-वधू सह्या करत होते, पंखा हवा कमी आणि आवाज जास्त करत होता. बासिलिसा पहिल्या रांगेत बसली होती, पण तिचे कान बाहेर होते. एक तास दहा मिनिटं. बाहेर बारा वाजून गेलेले. मुठीतली किल्ली ओली झाली होती.

पायऱ्या उतरताना तिनं पाहिलं, की कोपऱ्यावर घोडागाडी नव्हती.

"घोडा कुठाय?" तिनं मिग्दालियाला विचारलं.

"सुट्टी दिली," मिग्दालिया म्हणाली. "कोतोराच्या मालकिणीचा हुकूम होता ना. आता नाही सुरू झाली तर दोघींच्याही तोंडाला काळं."

मागं दुसरी वाट न ठेवता ही बाई माझ्या गाडीवर विसंबली, हे बासिलिसाला उमगलं, आणि तिला एकदम हलकं वाटलं. लोक तांदूळ उधळत होते. फोटोवाला ओरडत होता. तिनं किल्ली रिगोला दिली नाही. तिनं मिग्दालियाला पुढच्या सीटवर आधी चढवलं, स्वतः तिच्या बाजूला बसली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"मला गाडी येत नाही गं," मिग्दालिया म्हणाली.

"मला तरी कुठं येते? फिरव."

रिगोनं पायाखालचे क्लच-ब्रेक सांभाळले. मिग्दालियानं किल्ली फिरवली. एक घरघर झाली, दुसरी पुरी व्हायच्या आत कोतोरा अशी गर्जली, की पायऱ्यांवरची कबुतरं उडाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडले. त्यातल्या निम्म्यांना कशासाठी ओरडतोय हेही ठाऊक नव्हतं. रिगोनं हॉर्नवर हात टेकला तो काढलाच नाही.

वरात घरी सरळ जायची होती, डुक्कर तयार होतं, तिवोलीत साठ माणसं भुकेली बसली होती. पण प्लासा दे मार्तेशी आल्यावर बासिलिसानं गाडी बाजूला घ्यायला सांगितली. रिगोला वाटलं काहीतरी बिघडलं.

"काय झालं, आई?"

"काही नाही. बंद कर."

"इथं? भर चौकात?"

"बंद कर म्हणते ना."

त्यानं बंद केली. थांब्यावरचे सगळे ड्रायव्हर, ज्यांनी तीन महिने रोज कोतोराला ढकललं होतं, ते माना लांब करून बघू लागले. बासिलिसानं नववधूला त्यांच्याकडे हात हलवायला लावला, दोन मिनिटं मजेत जाऊ दिली आणि मग विहिणीला कोपरानं ढोसलं.

कोतोरा पहिल्या घरघरीला सुरू झाली. थांब्यावर टाळ्या पडल्या.

एन्रामादासवर, केसांच्या दुकानासमोर, तिनं पुन्हा बंद करायला लावली. मग चर्चपाशी. मग चढाच्या तोंडाशी, एल्पिदिओ उभा होता तिथं. मागे याइलिन आणि तिचा नवरा हसून हसून एकमेकांवर पडत होते. प्रत्येक वेळी मिग्दालिया किल्ली फिरवायची आणि प्रत्येक वेळी बासिलिसा आजूबाजूला बघायची, कुणी बघायचं राहिलं तर नाही ना.

"अगं, पुरे," मिग्दालिया शेवटी डोळे पुसत म्हणाली. "डुक्कर करपेल."

"करपू दे," बासिलिसा म्हणाली. "रिगो, सुएन्योकडून घे. हिच्या गल्लीतली सगळी घरी असतील आता."